गडाचे राखणदार 'जन्मजात गुन्हेगार' कसे ठरले? पुरंदरच्या डोंगरापासून बारामती-इंदापूरपर्यंत रामोशी समाजाची गोष्ट

दरवर्षी ७ सप्टेंबर आला की बारामती, इंदापूर, पुरंदर, फलटण या पट्ट्यातल्या लोकांच्या मोबाईलवर एकाच माणसाचं चित्र फिरायला लागतं. डोक्याला पागोटं, भरदार मिशा, कपाळाला भंडारा आणि खाली ओळ, 'आद्यक्रांतिवीर राजे उमाजी नाईक यांना विनम्र अभिवादन'. त्या दिवशी सरकारी कार्यालयांमध्येही उमाजींच्या प्रतिमेला हार घातला जातो.

पण ज्या समाजात उमाजी जन्मले त्या रामोशी समाजाचं नाव राज्य सरकारच्या यादीत आजही 'विमुक्त जाती' या मथळ्याखाली आहे. विमुक्त म्हणजे मोकळे केलेले. कशातून मोकळे केलेले, हा प्रश्न त्या चित्राखाली सहसा कुणी विचारत नाही.

सरळ उत्तर असं की, इंग्रजांनी केलेल्या एका कायद्याने काही जातीजमातींना जन्मापासूनच गुन्हेगार मानलं होतं आणि स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द झाला. पण त्या कायद्याच्या कितीतरी आधी या लोकांच्या हातातलं काम गेलं होतं. गोष्ट खरी तिथून सुरू होते.

डोंगरातून नदीच्या काठाने

बारामती म्हटलं की ऊस, कालवा, साखर कारखाने आणि राजकारण डोळ्यासमोर येतं. इंदापूर म्हटलं की उजनीचं पाणी आणि डाळिंबाच्या बागा. डोंगर काही कुणाला आठवत नाही. पण बारामतीतून वाहणारी कऱ्हा नदी पुरंदरच्या डोंगरातून येते. सासवड, जेजुरी, मोरगाव असा मुलूख ओलांडत ती बारामतीत शिरते आणि पुढे सोनगावजवळ नीरेला मिळते. तीच नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूरला भीमेत जाते. वर सह्याद्रीचा फाटा, खाली भीमथडीचा सपाट, कोरडा मुलूख आणि दोघांना जोडणाऱ्या या दोन नद्या. रामोशांचा इतिहास याच नकाशावर घडला.

'रामोशी' या शब्दाची फोड दोन प्रकारे केली जाते. काही जण तो 'रानवासी'वरून आला असं सांगतात, तर समाजातले अनेक जण 'रामवंशी' म्हणतात. दक्षिणेकडच्या बेरड किंवा बेडर समाजाशी त्यांचं जवळचं नातं मानलं जातं आणि सरकारी कागदांत 'बेडर-रामोशी' असा जोडउल्लेखही सापडतो. इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे आपसांत बोलायची एक वेगळी बोली होती आणि तिच्यात कानडी-तेलुगू वळणाचे शब्द होते, अशी नोंद आहे. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. भेटल्यावर रामराम म्हणण्याऐवजी 'जय मल्हार' म्हणायची पद्धत आजही आहे.

या लोकांचं काम काय होतं? राखण. गडावर गडाची, गावात गावाची.

माग काढणारे लोक

सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर सैन्याची शिबंदी असायचीच. पण किल्ल्याची खरी काळजी घ्यायची ती डोंगराच्या अंगाखांद्यावर राहणारी माणसं. गडाच्या उतारावरच्या त्यांच्या वस्त्यांना मेटं म्हणत आणि गडाभोवतालच्या मुलखाला घेरा. 'घेरा पुरंदर' हे गावाचं नाव त्यातूनच आलं. कुठल्या घळीतून माणूस वर चढू शकतो, रात्री कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला परका, हे या लोकांना ठाऊक असायचं. रामोशी, महादेव कोळी अशा समाजांकडे हे काम पिढ्यानपिढ्या होतं. त्या बदल्यात जमिनी, धान्य आणि मान मिळायचा.

गडाखालच्या गावांत आणि पुढे भीमथडीच्या सपाटीवर रामोशी जागल्याचं काम करत. रात्री गस्त घालायची, गावात आलेल्या परक्या माणसावर नजर ठेवायची आणि चोरी झाली तर माग काढायचा. हा माग काढणं म्हणजे एक पूर्ण व्यवस्थाच होती. चोराची पावलं ओळखायची, त्यांचं माप घ्यायचं आणि माग जिकडे जाईल तिकडे जायचं. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की तो त्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचा. मग जबाबदारी त्या गावाची. माग आपल्याच शिवेत हरवला आणि चोर सापडला नाही, तर नुकसान राखणदाराने किंवा गावाने भरून द्यायचं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल अहवाल लिहिला, त्यात गावच्या या जुन्या राखणव्यवस्थेची दखल घेतलेली आहे.

आजच्या भाषेत सांगायचं तर पोलीस, ठसेतज्ज्ञ आणि विमा कंपनी अशी तिन्ही कामं एकाच घराकडे होती.

अर्थात ही व्यवस्था फार गोड होती असं समजायचं कारण नाही. राखणदाराचा हक्क गावाने नाकारला तर त्याच गावात चोऱ्या व्हायला लागायच्या, हेही जुन्या नोंदींत आहे. राखण आणि धाक यांच्यातली रेघ पुसट होती. जगभरातल्या डोंगरी लोकांच्या बाबतीत ती पुसटच दिसते.

पण इंग्रजांनी या गोष्टीचा क्रमच उलटा लावला. १८८६ साली 'हॉबसन-जॉबसन' नावाचा इंग्रजांच्या हिंदुस्थानी शब्दांचा प्रसिद्ध कोश निघाला. त्यात रामोशी हा शब्द आहे. तिथे आधी त्यांना चोरी करणारी जात म्हटलंय आणि म्हणूनच त्यांना राखणीला ठेवत असं पुढे सांगितलंय. पश्चिम हिंदुस्थानातली गोरी कुटुंबं अजूनही त्यांना चौकीदार म्हणून ठेवतात, अशीही माहिती त्यात आहे. म्हणजे ज्या माणसाच्या भरवशावर साहेब रात्री झोपायचा, त्याच्याच जातीची ओळख कोशात चोर म्हणून छापली गेली.

१८१८ : गड गेला, काम गेलं

मार्च १८१८ मध्ये पुरंदर आणि शेजारचा वज्रगड इंग्रजांच्या ताब्यात गेले. मराठी राज्य बुडालं हे शाळेच्या पुस्तकात असतं. पण राज्य बुडाल्यावर किल्ल्याच्या उतारावर राहणाऱ्या माणसाचं काय झालं, ते नसतं.

नव्या राज्यकर्त्यांना डोंगरी किल्ल्यांचा धाक होता, गरज नव्हती. तोफा आणि कवायती फौजेच्या काळात घळी राखणारी माणसं त्यांच्या हिशेबात बसत नव्हती. राखणीचं काम संपलं आणि त्यासोबत मिळणाऱ्या जमिनी आणि हक्कही धोक्यात आले. पुरंदरच्या रामोशांच्या हक्कांना पेशवाईच्या अखेरच्या वर्षांतच धक्के बसायला लागले होते. इंग्रजी अंमलात ते पुरते उघड्यावर आले.

असा प्रसंग पुरंदरवर आधीही येऊन गेला होता. १७६४ साली किल्ल्यावरच्या जुन्या कोळी राखणदारांना काढून टाकलं, तेव्हा त्यांनी किल्लाच ताब्यात घेतला होता. शेवटी तो वाद पेशव्यांना तडजोडीने मिटवावा लागला. डोंगरी लोक आणि सत्ता यांचं नातं असंच चालायचं. भांडण, वाटाघाट आणि पुन्हा नोकरी. १८१८ नंतर वाटाघाटीचा हा रस्ता हळूहळू बंद झाला.

उमाजी नाईकांची गोष्ट याच वळणावरची. त्यांचा जन्म ७ सप्टेंबर १७९१ चा, गाव पुरंदर तालुक्यातलं भिवडी. वडील दादोजी खोमणे यांच्याकडे पुरंदरच्या राखणीचं काम होतं. सुरुवातीला सत्तू नाईकांच्या टोळीत आणि नंतर स्वतः नायक म्हणून उमाजींनी इंग्रजी अंमलाला आव्हान दिलं. १८२४ मध्ये पुण्याजवळच्या भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगर भागात, सरकारी खजिना लुटला गेला. त्यात या टोळीचं नाव घेतलं जातं. उमाजींना पकडता येत नाही म्हटल्यावर सरकारने मधल्या काळात त्यांच्याशी तडजोड केली आणि त्यांना सरकारी कामावरही घेतलं. चोर पकडायला चोर, असा सरकारचा हिशेब असावा. उमाजींच्या बाजूने बघितलं तर गेलेलं जुनं कामच परत मिळत होतं.

ही तडजोड टिकली नाही. फेब्रुवारी १८३१ मध्ये उमाजींच्या नावाने एक जाहीरनामा निघाला. इंग्रजांची चाकरी सोडा, त्यांना महसूल देऊ नका, असं त्यात रयतेला सांगितलं होतं. लूटमार करणारी टोळी असा जाहीरनामा काढत नाही. म्हणूनच 'दरोडेखोर की क्रांतिकारक' या वादात हा कागद फार महत्त्वाचा ठरतो. उमाजींच्या लोकांनी लूट केली, हे खरं आहे. आणि सरकारच्या महसुलावरच घाव घालायचा त्यांचा विचार होता, हेही तितकंच खरं आहे.

सरकारने मोठं बक्षीस लावलं. शेवटी फितुरी झाली आणि १५ डिसेंबर १८३१ ला भोरजवळच्या उत्रोळीत उमाजी पकडले गेले. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी दिलं. लोकांना दहशत बसावी म्हणून मृतदेह तीन दिवस पिंपळाच्या झाडाला टांगून ठेवला होता, असं सांगितलं जातं. खडकमाळ आळीतल्या जुन्या मामलेदार कचेरीच्या आवारात त्यांचं स्मारक आहे.

उमाजींच्या मागावर जे अधिकारी होते, त्यात कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश एक. उमाजी कैदेत असताना त्याने त्यांच्याकडून बरीच माहिती काढून घेतली आणि १८३३ मध्ये रामोशांवर एक पुस्तक लिहिलं. समाजाच्या चालीरीती, कुळं, बोलीतले शब्द, सगळं त्यात आहे. आज रामोशांचा जुना इतिहास शोधणाऱ्याला याच पुस्तकाकडे जावं लागतं. नायकाची हकिकत त्याला पकडायला निघालेल्या माणसाच्या हातून लिहिली गेली, त्यामुळे ते वाचताना प्रत्येक ओळ दोनदा बघावी लागते.

स्कॉटलंडमध्येही हेच झालं होतं

मॅकिन्टॉश हे आडनाव मूळचं स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या एका कुळाचं. तिथे, ज्याला हायलँड्स म्हणतात त्या मुलखात, अठराव्या शतकात रामोशांसारखीच व्यवस्था होती. सपाटीवरच्या शेतकऱ्यांची गुरं राखायची, त्याचे पैसे घ्यायचे आणि पैसे मिळाले नाहीत तर गुरं हाकून न्यायची. १७४६ साली कलोडनच्या लढाईत डोंगरी कुळांचा पराभव झाला. इंग्रज सरकारने त्यांची हत्यारं काढून घेतली आणि त्यांच्या चौकड्याच्या पारंपरिक पोशाखावरही बंदी घातली. ती बंदी १७८२ पर्यंत टिकली. मधल्या काळात त्याच डोंगरी माणसांच्या पलटणी उभ्या करून त्यांना साम्राज्यासाठी लढायला पाठवलं गेलं.

महाराष्ट्रातही हे दोन्ही उपाय वापरले गेले. खानदेशात १८२५ साली जेम्स आउट्रामने सातपुड्यातल्या भिल्लांची पलटण उभी केली. दुसरीकडे नगर-ठाण्याच्या डोंगरात महादेव कोळ्यांचे नायक राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. फरक एवढाच की हायलँडरांवरची बंदी उठल्यावर त्यांचा पोशाख फॅशन झाला. इथल्या डोंगरी लोकांवर यापेक्षा कडक कायदा अजून यायचा होता.

सुप्याचा बाजार, इंदापूरचा दुष्काळ आणि १८७९

आता डोंगरातून खाली सपाटीवर येऊ. आजचा बारामती तालुका तेव्हा भीमथडी तालुक्यात होता. भीमथडी आणि इंदापूर हा पावसाच्या भरवशावरचा मुलूख. कालवा नाही, ऊस नाही. १२ मे १८७५ ला याच भीमथडीतल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला करून कर्जाचे कागद जाळले. 'डेक्कन रायट्स' म्हणून पुस्तकात येणारे दंगे ते हेच. वर्षभरात मोठा दुष्काळ पडला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये माणसं आणि जनावरं अक्षरशः तडफडून मेली.

शेतकऱ्याकडे निदान गहाण टाकायला जमीन होती. गावाने दिलेल्या धान्यावर जगणाऱ्या जागल्याचं काय? गावाचं खळं रिकामं, तर बलुतंही रिकामं. त्यात १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने गावची राखण सरकारी चौकटीत गेली होती. गस्तीचं काम राहिलं, पण रामोशाचा जुना वचक आणि हक्क उरले नव्हते.

अशा वेळी वासुदेव बळवंत फडके पुण्याहून डोंगरात आले. १८७९ च्या फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातल्या धामारीवर त्यांनी पहिला छापा घातला, तेव्हा त्यांच्यासोबत प्रामुख्याने रामोशी होते. त्यांचा उजवा हात होता दौलतराव नाईक. मे महिन्यात कोकणात छापे घालून घाटाकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठलं आणि दौलतराव मारले गेले. जुलैमध्ये फडके विजापूरकडे पकडले गेले आणि पुढे १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. १८७९ मध्येच पुणे-साताऱ्याच्या भागात हरी मकाजी आणि तात्या मकाजी यांच्या रामोशी टोळ्याही सरकारच्या मागे लागल्या होत्या.

फडक्यांनी आपल्या साथीदारांबद्दल नाराजीही लिहून ठेवली आहे. त्यांना राज्य उलथवायचं होतं आणि साथीदारांचं लक्ष लुटीच्या वाटणीकडे असायचं, असा त्यांचा सूर दिसतो. पण नुकताच सरलेला दुष्काळ डोळ्यासमोर ठेवला, तर उपाशी घरच्या माणसाला वाटणीची घाई का होती ते कळायला फार डोकं लागत नाही. इतिहासात फडके आद्य क्रांतिकारक म्हणून गेले. दौलतराव नाईकांचं नाव किती पाठ्यपुस्तकांत आहे?

हजेरी

१८७१ साली इंग्रज सरकारने 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट', म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सगळीकडे लावता येऊ लागला आणि १९२४ मध्ये आणखी पक्का झाला.

कायद्याचं मूळ सूत्र असं होतं की, सरकार एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा गट 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करू शकत होतं. तसं जाहीर झालं की त्यातल्या माणसांची नावं नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी लावायची आणि गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. वेळ पडली तर कुटुंबच्या कुटुंब सरकारी वसाहतीत नेऊन ठेवायचं. मुलांना आईबापांपासून वेगळं करून शाळेत टाकण्याचा अधिकारही सरकारकडे होता. यासाठी गुन्हा सिद्ध व्हावा लागत नव्हता. अमक्याच्या पोटी जन्म झाला, एवढा पुरावा पुरेसा होता.

इंदापूरच्या शेजारच्या जिल्ह्यात, सोलापुरात, अशी मोठी वसाहत होती. भोवती तारेचं कुंपण. आतली माणसं कापड गिरण्यांत कामाला जायची. म्हणजे सुधारणेच्या नावाखाली गिरण्यांना खात्रीचे मजूर मिळाले. सोलापुरात त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणतात. तिथे राहणाऱ्या नव्या पिढीला पत्ता सांगतानाच हा इतिहास सांगावा लागतो.

स्वातंत्र्य १९४७ मध्ये मिळालं. हा कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून गेला. म्हणून भटके-विमुक्त ३१ ऑगस्ट हा 'विमुक्त दिन' मानतात. स्वातंत्र्यदिनाच्या पाच वर्षं आणि सोळा दिवस नंतरचा.

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा जाती आहेत. त्यात रामोशी आणि बेरड आहेत, तसेच कैकाडी, वडार, कंजारभाट, राजपूत भामटा असेही आहेत. नीरेच्या पलीकडे फलटण भागात वाढलेल्या लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० मध्ये आलं, तेव्हा मराठी वाचकाला गाढवावर संसार लादून फिरणारा कैकाडी पहिल्यांदा आतून दिसला. बेरडांचं जगणं भीमराव गस्ती यांनी 'बेरड' या आत्मकथनात लिहिलं.

कायदा गेला, नजर राहिली

१९५२ नंतर राज्यांनी 'सराईत गुन्हेगार' कायदे केले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. कागदावर आता जात नव्हती. आधी शिक्षा झालेल्या माणसालाच सराईत म्हणता येणार होतं. पण पोलीस ठाण्याच्या आणि गावाच्या डोक्यातली यादी तीच राहिली. चोरी झाली की आधी कुठल्या वस्तीवर गाडी जाणार, हे गावाला ठाऊक असायचं.

याची सगळ्यात मोठी किंमत पारधी समाजाने मोजली. पारधी रानातले शिकारी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार गुन्हा झाली आणि हातातलं एकमेव कौशल्यही बेकायदा ठरलं. जून १९९८ मध्ये बारामतीत एका पारधी शेतमजुराचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालमध्ये पुरुलियाच्या बुधन सबर या तरुणाचा असाच मृत्यू झाला होता. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी नुकतीच संघटना उभी केली होती. तिने देशभर हा विषय लावून धरला आणि बारामतीची घटनाही दिल्लीपर्यंत पोहोचली. पत्रकार दिलीप डिसूझा यांच्या २००१ च्या 'ब्रँडेड बाय लॉ' या पुस्तकात ती आली आहे. कालव्याच्या पाण्यावर हिरव्या झालेल्या, विकासाचं उदाहरण म्हणून दाखवल्या जाणाऱ्या तालुक्यातली ही गोष्ट.

मग रामोशी टिकले कसे?

एक कारण असं की ते विखुरलेले होते. गावोगाव एक-दोन घरं, त्यामुळे एखाद्या वसाहतीत संपूर्ण समाज कोंडणं शक्य झालं नाही. दुसरं म्हणजे गावाला त्यांची गरज होती. जागल्या, चौकीदार, खळ्यावरची राखण, नंतर कारखान्याच्या आणि बंगल्यांच्या फाटकावरची राखण, अशी कामं बदलत गेली. तिसरं कारण जेजुरी. वर्षातून काही वेळा सगळे एका डोंगराला येणार, सोयरिकी जुळणार, भंडारा उधळणार. बोली बहुतेक विरली, पण जेजुरीची वारी सुटली नाही.

आणि काही घरांकडे जमीन राहिली, वतनाची. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतनं रद्द झाली. महारांच्या वतनांसोबत रामोशांचीही गेली. शेतसाऱ्याच्या काही पट रक्कम भरून जमीन परत नावावर करून घेता येत होती, पण ती नव्या शर्तीने. त्यामुळे सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद लागली आणि परवानगीशिवाय जमीन विकणं बंद झालं. दुष्काळी कामातून सुरू झालेला नीरा डावा कालवा १८८० च्या दशकापासून बारामती-इंदापुरात पाणी आणत होता. एकेकाळी कुणी फुकट घेतली नसती अशी माळाची जमीन त्यामुळे सोन्याची झाली. जिथे वेळेत पैसे भरले गेले आणि कागद नीट राहिले, तिथे घर सावरलं. जिथे कागद दुसऱ्याच्या हातात गेले, तिथे जुना राखणदार त्याच शिवारात मजूर म्हणून राहिला.

आज कागदाचीच लढाई आहे. विमुक्त जातीचं प्रमाणपत्र काढायचं तर कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्या घरातलं पहिलं माणूस १९८० मध्ये शाळेत गेलं, त्याने १९६१ चा दाखला कुठून आणायचा? ज्यांना प्रमाणपत्र मिळतं त्यांच्यासाठी विमुक्त जाती (अ) या गटात ३ टक्के आरक्षण आहे, चौदाही जातींत मिळून. तिकडे कर्नाटकात बेडर समाज १९९१ पासून अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. सीमेच्या अलीकडे विमुक्त आणि पलीकडे आदिवासी, असा हा प्रकार आहे. इथल्या बेडर-रामोशी संघटना अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी करतात, त्यामागे ही तुलना असते.

केंद्राने बाळकृष्ण रेणके आयोग नेमला, त्याचा अहवाल २००८ मध्ये आला. नंतर भिकूजी इदाते आयोग आला, त्याचा अहवाल २०१८ मध्ये. दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्रातले. दोघांनीही या समाजांची नीट मोजणी आणि वर्गवारी करायला सांगितलं. २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने रामोशी समाजासाठी 'राजे उमाजी नाईक आर्थिक विकास महामंडळ' जाहीर केलं.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत कैद्याची जात बघून काम वाटून देण्याची तरतूद होती आणि विमुक्त जमातींच्या माणसांना सवयीचे गुन्हेगार समजणारी भाषाही होती. न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, असं पोलिसांनाही बजावलं. गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाल्याला तेव्हा बहात्तर वर्षं होऊन गेली होती.